घड्याळजीच्या हाताची थरथर

१

ती खोली दवाखान्यातली वाटू नये म्हणून बरीच खटपट केलेली होती. भिंतींना फिकट निळा रंग, खिडक्यांना जाड पडदे, लोखंडी खाटेच्या जागी रुंद सोफा आणि त्यावर मऊ पांघरूण. अशा त्या खोलीत, भर दुपारी, मंद संगीत चालू असताना, डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेला एक घड्याळजी एकाएकी ताठ झाला, सोफ्यावरून घसरून खाली पडला आणि त्याच्या सगळ्या अंगाला झटके येऊ लागले.

झटके आवरले, पण शुद्ध काही आली नाही. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं आणि निळ्या खोलीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुलपाची किल्ली भूलबाईंच्या हातात आली.

भूलबाई हे नाव त्यांना दवाखान्यानंच दिलेलं. उभी हयात त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभं राहून रोग्यांना भूल दिली होती. निवृत्तीनंतरही दवाखान्यात काही विपरीत घडलं की चौकशीला त्यांनाच बोलावत. आधी भूल द्यायच्या, आता दुसऱ्यांची भूल शोधत फिरतात, असं वॉर्डातले लोक म्हणायचे. ते त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. त्यांना वावडं होतं ते फक्त बसून राहण्याचं. खुर्ची दिली की दोन मिनिटांत उठायच्या आणि खोलीभर येरझाऱ्या घालत प्रश्न विचारायच्या. समोरच्याला मान फिरवून फिरवून उत्तरं द्यावी लागायची.

त्या सकाळी मान फिरवत होते मनोविकार विभागाचे प्रमुख. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसावा, कारण कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती.

त्यांनी सांगितलं ते असं. विशिष्ट जातीच्या अळंबीत सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. ते पोटात गेलं की माणसाला भास होतात. रंग ऐकू येतात, भिंती श्वास घेतात, मेलेली माणसं जवळ येऊन बसतात, आणि काही वेळ ‘मी’ म्हणून कोणी उरतच नाही. चोरून मौजेखातर घेणारे ते घेतातच. पण ज्यांचं नैराश्य कुठल्याही गोळीला दाद देत नाही, अशा काही लोकांना हेच द्रव्य मोजून, तपासून, माणूस शेजारी बसवून दिलं, तर मनाला पडलेली गाठ सैल होते असं दिसू लागलं होतं. ते खरं की खोटं, हेच पाहण्यासाठी हा प्रयोग होता. घड्याळजीची बायको वारल्यापासून तो अंधारात बुडालेला होता. सगळी औषधं करून झाली होती, आणि त्यानं आपणहून प्रयोगात नाव दिलं होतं.

भूलबाईंनी धोके विचारले. प्रमुखांनी तेही लपवलं नाही. रक्तदाब वाढतो, कधी माणूस इतका भेदरतो की खोलीतून पळू पाहतो. ज्याच्या मनाचा तोल आधीच ढळलेला असेल, किंवा ज्याच्या रक्ताच्या नात्यात तसा आजार असेल, त्याचा तोल या द्रव्यानं पार सुटू शकतो. म्हणून अशांना प्रयोगात घेतच नाहीत. घड्याळजीला त्यांनी स्वतः विचारलं होतं. घरात कोणाला काही नाही, दुसरं कसलंही औषध चालू नाही, असं तो म्हणाला होता.

“पण अपस्मारासारखे झटके?” बाईंनी विचारलं. “एवढ्याशा मात्रेनं?”

“नाही येत,” प्रमुख म्हणाले. “तेच तर कळत नाहीये.”

बाईंना पहिला संशय होता मात्रेचा. कोणीतरी एकाच्या जागी दोन कॅप्सुली दिल्या, की संपलं. त्यांनी उरलेल्या कॅप्सुली आणि घड्याळजीचं रक्त तपासायला पाठवलं होतं. प्रमुखांच्या टेबलावरचा फोन वाजला तो त्याच निकालाचा. बाईंनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

कॅप्सुली चोख होत्या. रक्तात द्रव्य होतं ते हवं तेवढंच, थेंबभर जास्त नाही. म्हणजे त्या माणसाला ज्यानं पाडलं, ते दुसरंच काहीतरी होतं.

२

भास होत असताना रोग्याच्या शेजारी बसायला एक शिकवून तयार केलेली बाई असायची. तिला सगळे सोबतीण म्हणत. सहा-सात तास ती खोलीतून हलत नसे. रोगी रडला तर हात धरायचा, घाबरला तर धीर द्यायचा, एरवी गप्प बसायचं, असं तिचं काम. ती तिशीतली, शांत चेहऱ्याची होती, पण आज तिची बोटं ओढणीच्या टोकाशी सारखी चाळा करत होती.

तिच्या म्हणण्यानुसार सगळं ठीक चाललं होतं. घड्याळजी आधी जरा अस्वस्थ होता, ते सगळेच असतात. कॅप्सूल उचलताना त्याचा हात कापत होता, इतका की ती दोनदा खाली पडली. तहान तहान करत होता, दोन वेळा लघवीला जाऊन आला. मग पट्टी बांधून पडला. पुढे हसला, थोडा रडला, बायकोशी बोलला. आणि मग झटके.

बाईंनी तिला बोलू दिलं. स्वतःच्या नोकरीत त्यांनीही भास देणारं एक औषध शेकडो वेळा टोचलं होतं. केटामिन दिलेले रोगी शुद्धीवर येताना काय काय सांगत: मी छताला चिकटलो होतो, माझे पाय शेजारच्या खोलीत होते. पूर्वी डॉक्टर मंडळी ते हसण्यावारी न्यायची. आता तेच औषध थोड्या मात्रेत नैराश्यावर देतात. तेव्हा भास होणाऱ्या माणसाचं बोलणं बाईंना नवीन नव्हतं, आणि ते फेकून देण्यासारखं नसतं हेही त्यांना ठाऊक होतं.

“तो आणखी काय म्हणाला? क्षुल्लक वाटलं तरी सांग.”

सोबतीण आठवू लागली. तोंडात लोखंड चाखल्यासारखं लागतंय, असं तो म्हणाला होता. पण त्यात विशेष काही नाही, ती म्हणाली. या द्रव्यानं चवी, वास, आवाज यांची सरमिसळ होतेच.

खोलीत कॅमेरा होता. प्रत्येक बैठकीचं चित्रण व्हायचं. बाईंनी ते लावायला सांगितलं आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. घड्याळजी आत येतो. पन्नाशी उलटलेला, बारीक, चष्मा कपाळावर. बसतो, पाणी मागतो, परत मागतो. कॅप्सुलीकडे बघत तोंड वेडंवाकडं करून म्हणतो, “सकाळपासून तोंडात लोखंड चाखल्यासारखं लागतंय हो. हल्ली रोजचंच झालंय.”

बाईंनी चित्र थांबवलं.

“कॅप्सूल अजून तळहातावरच आहे,” त्या म्हणाल्या. “गिळलेली नाही.”

 सोबतिणीनं ते वाक्य ऐकलं होतं, पण आठवणीत त्याला नंतरची जागा दिली होती. माणसाचं मन असंच करतं. ज्याचं कारण आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटतं, ते आपण त्या कारणाच्या मागे नेऊन बसवतो.

बाईंनी ती थांबलेली चौकट डोळ्यांत साठवून घेतली. सोफा, उशी, दिवा. दिव्याजवळच्या छोट्या टेबलावर हिरव्या रंगाचा, पोचा आलेला एक थर्मास होता. बाई तडक निळ्या खोलीशी गेल्या, कुलूप काढलं. सोफा होता, उशी होती, दिवा होता. लवंडलेला पाण्याचा ग्लाससुद्धा तसाच होता.

थर्मास मात्र नव्हता.

३

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर घड्याळजीची लेक बसली होती. ती रेल्वेच्या सिग्नल खात्यात होती आणि बापाला प्रयोगासाठी तीच घेऊन आली होती. नातेवाईक म्हणून सहीही तिचीच. त्याबद्दल ती स्वतःला आतून कुरतडत होती, आणि बाहेर मात्र प्रमुखांना शिव्या घालत होती.

बाईंनी तिला उठवलं आणि व्हरांड्यात चालायला लावलं. बोलायला अवघड असलेलं चालताना बोललं जातं, असा त्यांचा अनुभव होता.

लेकीनं सांगितलं की बाबांनी दुकान बंद केलं ते उदास होते म्हणून नव्हे, हात चालेना म्हणून. आई गेली तेव्हाही ते दुकानात जाऊन बसत. रडत, पण घड्याळं नीट करत. मनगटी घड्याळातला केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरताना त्यांचा हात कधी हलला नव्हता. गेल्या काही महिन्यांत एकाएकी थरथर सुरू झाली. आजाराला कंटाळलेल्या मनाचाच हा खेळ, असं सगळे म्हणाले. ते स्वतःही तसंच समजले, आणि मग मात्र खचले. हात बरा व्हावा म्हणूनच त्यांनी या प्रयोगात नाव दिलं, असं तिला वाटत होतं.

“तहान?”

“घागरीच्या घागरी रिचवतात. रात्रीतून कितीदा उठतात. साखरेचा आजार असेल म्हणून मी तपासून घेतलं. साखर नव्हती.”

बाईंनी हिरव्या थर्मासचं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. तो मोठ्या काकांचा थर्मास. बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर. आई गेल्यापासून बाबा धड जेवत नव्हते, तेव्हा काका रोज सकाळी गरम सूप करून आणून देत. स्वतः समोर बसून संपवायला लावत. काल बैठकीआधी काही खायचं नव्हतं, म्हणून बाबांनी ते पहाटेच घरी संपवलं आणि रिकामा थर्मास परत द्यायला बरोबर घेतला. बाबांना झटके आल्यावर धावाधाव झाली, काकाही आले, आणि त्यांनी तो उचलून नेला असणार. रोज धुवून ठेवायची त्यांची सवयच.

“काकांना माहीत होतं, इथं कसलं औषध देणार ते?”

लेक थबकली. नव्हतं. बाबांनी त्यांना सांगितलं होतं की संगीत ऐकायचं आणि मन मोकळं करायचं, असा नवा उपचार आहे. काकांना असल्या औषधांचा राग येईल, अशी बाबांना भीती. लहानपणापासून काकांचा शब्द म्हणजे घरातला शेवटचा शब्द.

बाईंनी घरातल्या आजारांचं तिलाही विचारलं. लेक म्हणाली, कोणालाच काही नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “मी लहान असताना काका बरेच महिने बाहेरगावी होते. नोकरीवर, म्हणायचे. पण त्यांच्या शाळेतले मास्तर आमच्याकडे येऊन, ते कधी परत येणार, असं आईला विचारायचे.”

तेवढ्यात आतून परिचारिका घाईघाईनं बाहेर आली. घड्याळजीला पुन्हा झटके आले होते. आणि या खेपेला मूत्रपिंडांनीही हात टेकायला सुरुवात केली होती.

आतले डॉक्टर म्हणाले, कारण कळलं नाही तर काही खरं नाही. खाली प्रमुखांच्या खोलीत पोलीस येऊन बसले होते.

४

हेडमास्तरांचं घर दवाखान्यापासून जवळच होतं. दार उघडंच होतं आणि आतून रंगाचा वास येत होता. बैठकीची एक भिंत पिवळी झालेली, दुसरी अर्धवट हिरवी, आणि शिडीवर उभे राहून पांढऱ्या मिशांचे हेडमास्तर छताला निळा रंग देत होते. बाईंनी ओळख सांगितल्यावर ते तरुण पोरासारखे टुणकन खाली उतरले.

भावाच्या काळजीत ते होते, पण ती काळजी एका जागी ठरत नव्हती. भावाबद्दल एक वाक्य, मग रंगाबद्दल चार, मग निवृत्त शिक्षकांची एक नवी शाळा काढायची आहे तिच्याबद्दल दहा. शाळेत घंटा नसेल, वर्ग नसतील, छतं आकाशासारखी असतील. भाऊ बरा झाला की शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ तोच बसवेल. तो बरा होणारच, त्यांना आतून कळलं होतं. बोलता बोलता ते ब्रश बुडवत, खिडकी उघडत, पुन्हा लावत. खोलीत येरझाऱ्या घालायला बाईंना जागाच उरली नाही. ती सगळी हेडमास्तरांनी व्यापली होती.

बाई एका स्टुलावर बसल्या. पलीकडच्या खोलीतला पलंग दारातून दिसत होता. त्यावर पुस्तकांचे ढीग रचलेले. कित्येक दिवसांत त्यावर कोणी झोपलेलं नव्हतं. पण हेडमास्तरांच्या डोळ्यांखाली थकव्याची रेघही नव्हती.

सकाळपासून बाईंना भेटलेलं प्रत्येक माणूस खचलेलं, घाबरलेलं किंवा चिडलेलं होतं. हा एकच गृहस्थ सुखात होता. त्याचा सख्खा भाऊ मरणाच्या दारात असताना.

पाणी पिण्याच्या निमित्तानं त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर हिरवा थर्मास पालथा घातलेला. शेजारी एक छोटा दगडी खल, लखलखीत धुतलेला. हेडमास्तर मागोमाग आलेच. सुपात मिरपूड लागते ना, ते म्हणाले, ताजी कुटून घातली की चव येते. भाऊ तरी सूप खारट लागतं म्हणून कुरकुरतोच.

बाई घोट घेता घेता थांबल्या.

थरथरणारा हात. न भागणारी तहान. तोंडात लोखंडाची चव. मंदावलेली मूत्रपिंडं. ही चारही लक्षणं एका ओळीत आणून बसवणारी गोष्ट त्यांना ठाऊक होती. फक्त ती या घरात, या माणसाच्या घरात असायला कारण नव्हतं. आणि मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. न झोपणारा, न थांबणारा, छताला आकाश करायला निघालेला माणूस.

धाकट्याला जे जास्त झालं होतं, तेच थोरल्याला कमी पडत होतं.

त्यांनी पेला खाली ठेवला, अंगणात जाऊन अतिदक्षता विभागाला फोन लावला आणि एकच सांगितलं. “त्याच्या रक्तात लिथियम किती आहे ते बघा. आत्ताच्या आत्ता.”

५

त्या परत आत आल्या तेव्हा हेडमास्तर पुन्हा शिडीवर चढत होते. बाईंनी त्यांना खाली यायला सांगितलं. आवाज चढवला नाही. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत भल्याभल्या सर्जनांचे हात त्या आवाजानं जागच्या जागी थांबले होते.

“सर, तुमच्या गोळ्या तुम्ही कधीपासून घेत नाही आहात?”

कसल्या गोळ्या, हेडमास्तर म्हणाले. मला काय झालंय?  त्यांनी हसून पाहिलं, विषय शाळेवर न्यायचा प्रयत्न केला. मग ते एकदम चिडले. या घरात येऊन असलं काही बोलायची हिंमत कशी होते, म्हणाले. 

बाईंनी सांगायला सुरुवात केली, शांतपणे, एकेक धागा सुटा करत. मन कधी आभाळाला भिडतं, कधी पाताळात जातं, असा एक आजार असतो. त्यावर लिथियम हे जुनं, उत्तम औषध आहे, चवीला मिठासारखं खारट. त्यानं कित्येकांचे संसार आणि नोकऱ्या वाचल्या आहेत. पण त्यात औषध आणि विष यांच्यामध्ये फार थोडी जागा असते, म्हणून रक्त तपासत तपासतच ते द्यावं लागतं. न तपासता घेतलं की आधी हात कापतो, मग तहान लागते. ते ज्याच्या अंगात आहे अशा माणसाला अळंबीतलं द्रव्य दिलं, तर झटके येऊ शकतात. तुमच्या भावाला काल तेच दिलं होतं.

“तो लिथियम घेत नव्हता,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी त्याला देत होतं. ज्याच्याकडे ते होतं, आणि ज्यानं त्यासाठी स्वतःचं बंद केलं, असा माणूस.”

हेडमास्तर शिडीच्या पायरीवर बसले. ब्रशातला निळा रंग त्यांच्या विजारीवर ठिबकत होता, तो त्यांना दिसत नव्हता.

मग ते बोलू लागले, आणि शब्द अजूनही धावतच होते, फक्त आता ते सगळे एका दिशेला धावत होते. लेकीच्या लहानपणचे ते महिने त्यांनी नोकरीवर नव्हे, मनोरुग्णालयात काढले होते. त्या गोळ्यांनी त्यांना परत माणसात आणलं. नंतर ते हेडमास्तर झाले. हे जगात फक्त धाकट्याला ठाऊक होतं, आणि कोणालाही सांगणार नाहीस अशी शपथ त्यांनी त्याला घातली होती. डॉक्टरनं घरातल्या आजाराचं विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला, तो ती शपथ पाळत होता.

भावजय गेल्यावर भाऊ बुडायला लागला. त्याला कुठली गोळी लागू पडेना. हेडमास्तरांना वाटलं, ज्या औषधानं मी तरलो त्यानंच हा तरेल, रक्त तर एकच. पण ते घे म्हणून सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मला वेडाचं औषध देतोस? म्हणून खलात कुटून, सुपातून. औषधवाला त्यांच्या एकट्यापुरत्याच गोळ्या द्यायचा. आधी अर्ध्या दिल्या, गुण दिसेना म्हणून पुढे सगळ्याच. आपण इतकी वर्षं ठणठणीत आहोत, आता आपल्याला काय गरज, असं त्यांना वाटलं. आणि गोळ्या सोडल्यावर इतकं छान वाटू लागलं, की तो निर्णय बरोबरच होता अशी खात्री पटली.

“हात कापायला लागला तेव्हा?”

“मला वाटलं, उदास आहे म्हणून,” हेडमास्तर म्हणाले. “सगळेच तसं म्हणत होते.”

फोन वाजला. लिथियम होतं, आणि भलतंच चढलेलं होतं. रक्त गाळणारं यंत्र लावायला घेतलं होतं. वेळेत कळलं, आतले डॉक्टर म्हणाले, पण अजून काही सांगता येत नाही.

हेडमास्तरांनी विचारलं, मी त्याला मारलं का. बाईंना खोटा धीर देण्याची सवय नव्हती. अजून नाही, त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. “चला. तुम्हालाही दाखल व्हायचं आहे.”

६

पोलिसांना बाईंनी सगळं सांगितलं. गुन्हा कोणावर आणि कसा नोंदवायचा हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांनाही लवकर सापडलं नाही.

प्रमुखांना मात्र त्यांनी सोडलं नाही. तुमच्या द्रव्यानं एकट्यानं हे केलेलं नाही, हे मान्य. ते बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल, हेही शक्य आहे. पण घरातल्या आजाराचं तुम्ही फक्त रोग्यालाच विचारलंत, त्याच्या माणसांना नाही. ज्याचा हात अलीकडे कापायला लागला आहे, ज्याची तहान भागत नाही, तो नैराश्याचा रोगी आहे म्हणून त्याचं सगळं तुम्ही नैराश्याच्या खात्यावर टाकलंत. लिथियम नसतं तरी, थोरल्याच्या आजाराचं बी धाकट्यात असतं तर, या द्रव्यानं त्याला आभाळात भिरकावलं असतं. प्रमुखांनी एकेक चूक लिहून घेतली. प्रयोग थांबला. पुढे तो पुन्हा सुरू करताना त्यांनी काय काय बदललं, ते बाईंनी जातीनं तपासलं. सोबतीण मात्र परत आली नाही. तिनं काम सोडलं, आणि बाईंना त्याचं वाईट वाटलं, कारण अख्ख्या प्रकरणात रोग्याचं बोलणं ऐकत बसलेली ती एकटीच होती.

घड्याळजीला शुद्ध आली, पण मनाची उभारी नाही. जे उपचारानं व्हायचं होतं ते अर्ध्यातच तुटलं होतं. त्याला त्या दुपारचं फारसं आठवत नव्हतं. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती आणि वळणारच होती, एवढंच तो म्हणाला. ती वळली नाही याचं त्याला फार लागून राहिलं होतं.

हेडमास्तर वरच्या मजल्यावर होते. औषध पुन्हा सुरू झाल्यावर त्यांचा वेग हळूहळू उतरला, आणि मग केलेलं सगळं त्यांच्या अंगावर आलं. ते भावासमोर जायला तयार होईनात. शेवटी एका दुपारी बाईच त्यांना दंडाला धरून खाली घेऊन गेल्या. लेक पलंगाशी बसली होती. तिला कारण कळलेलं होतं, पण काकांच्या तोंडून नाही. ती उठून उभी राहिली. खुर्ची पुढे केली नाही.

घड्याळजीनं भावाकडे पाहिलं.

“दादा, तू किती दिवस झोपला नव्हतास रे?” तो म्हणाला. “मला दिसत होतं. मी बोललो नाही.”

  हेडमास्तर भावाकडे नव्हे, पुतणीकडे वळले आणि तिला म्हणाले की तू लहान होतीस तेव्हा मी नोकरीवर गेलो नव्हतो. कुठे गेलो होतो ते सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं, आणि ते नाव उच्चारताना त्यांनी आवाज खाली घेतला नाही. दारात उभ्या असलेल्या परिचारिकेलाही ऐकू गेलं.

 लेकीनं बाईंना विचारलं, “म्हणजे माझ्यातही असेल?”

असू शकतं, बाई म्हणाल्या, आणि नसूही शकतं. आधी सांगता येत नाही.

लेकीनं मान हलवली. खुर्ची ओढून काकांजवळ आणली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. “बसा,” ती काकांना म्हणाली. “सुरुवातीला नेमकं काय वाटायला लागतं, ते मला नीट सांगा. सगळं.”